फॉरेन्सिकच्या तासाला चोर सापडला नाही तरी चालतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: आठवी-नववीच्या मुलांना फॉरेन्सिकच्या ॲक्टिव्हिटीजमधून विज्ञान शिकवायचंय, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबलं, आणि धास्ती अशी की मुलं 'चोर कोण' यातच रमतील आणि विज्ञान कोपऱ्यात पडेल, तर सुरुवात कुठून करू?

धास्ती अगदी बरोबर आहे. मी बरीच वर्षं हे वर्गात घेतोय, शिक्षकांच्या वर्कशॉपमध्येही घेतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होताना दिसतं. जमिनीवर खडूने माणसाची आकृती काढतात, पिवळी टेप लावतात, एक शिक्षक डिटेक्टिव्ह होतो, मुलं अर्धा तास आरडाओरडा करतात, शेवटी कुणीतरी अंदाजाने नाव घेतं आणि टाळ्या. मजा खूप आली, पण दुसऱ्या दिवशी विचारा की काल काय शिकलात, तर गोष्ट सांगतात, प्रयोग कुणाला आठवत नाही. कारण गोष्ट इतकी सोपी रचलेली असते की प्रयोग न करताही सुटते. संशयित चार, त्यातल्या एकाकडे कारण आहे, बाकी तिघांकडे नाही, मग रसायनशास्त्र करायची गरज कुणाला पडते हो?

म्हणून पहिलं काम, गोष्ट शेवटी लिहा. आधी ठरवा की या केसमधून मुलांच्या हातात कुठली एक संकल्पना पडायला हवी. आम्ल-आम्लारी? मिश्रण वेगळं करणं? मोजमापातली चूक? ती ठरली की तिला लागणारा पुरावा ठरतो, पुरावा ठरला की मग कुणी काय केलं ते सुचतंच. आणि गुणदान पण आधीच सांगून टाका. माझ्याकडे संशयिताचं नाव बरोबर आलं तर वीसपैकी दोन गुण, बाकी अठरा 'कशावरून म्हणता आणि किती खात्रीने म्हणता' याचे. हे फळ्यावर लिहिलं की वर्गाची हवाच बदलते, खरंच सांगतो. चुकीचं नाव घेऊन अठरा मिळवलेला गट आणि बरोबर नाव घेऊन पाचावर अडकलेला गट, दोन्ही असतात, आणि मग जी वादावादी होते ना तीच खरी शिकवणी.

आता सुरुवात कशाने करायची, तर पांढऱ्या पावडरींनी. यापेक्षा स्वस्त, सुरक्षित आणि तरीही खोल ॲक्टिव्हिटी मला अजून सापडलेली नाही, म्हणून यावर जरा जास्तच लिहितो. मीठ, साखर, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, कॉर्नफ्लोअर, प्लास्टर ऑफ पॅरिस, सायट्रिक ॲसिड, खडूची पूड. डब्यांवर फक्त नंबर. चाचण्या चारच: पाणी, व्हिनेगर, पातळ केलेलं टिंक्चर आयोडीन आणि पीएच पेपर (द्रावण आम्ल की आम्लारी ते रंगावरून दाखवणारा कागद). आधी मुलांनी माहीत असलेल्या पावडरींवर चारही चाचण्या करून स्वतःचा तक्ता बनवायचा, आणि तो पूर्ण झाल्याशिवाय घटनास्थळावरची पावडर हातात द्यायची नाही. हे कडक पाळा, कारण मुलांना लगेच 'पुरावा' हवा असतो आणि तक्ता कंटाळवाणा वाटतो, पण तक्ता नसेल तर अज्ञात पावडर फसफसली याचा अर्थ कशाच्या जोरावर लावणार?

आणि इथेच पहिला सापळा लावता येतो. व्हिनेगर टाकलं, फसफसलं, मुलं ओरडतात खाण्याचा सोडा! पण धुण्याचा सोडाही फसफसतो, आणि कॅल्शियम कार्बोनेटचा खडू असेल तर तोही फसफसतो. खडू पाण्यात विरघळत नाही म्हणून तो गळाला. उरले दोन सोडे, तर पीएच बघा, खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा साधारण सव्वाआठच्या आसपास येतो आणि धुण्याच्या सोड्याचा अकराच्या घरात. एका चाचणीने फारसं काही सिद्ध होत नाही, एकेक शक्यता गळत जाते, हे मुलांना भाषण न देता कळतं. (खडूबद्दल एक सूचना, फळ्याचे सगळे खडू कार्बोनेटचे नसतात, बरेचसे जिप्समचे म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात आणि ते व्हिनेगरमध्ये ढिम्म राहतात. तासाच्या आधी तुमच्या खडूवर दोन थेंब टाकून बघा. एकाच पेटीतले दोन वेगळे निघाले तर तर सोन्याहून पिवळं, तीच केस करा.)

दुसरा सापळा बेकिंग पावडरचा. हा माझा सगळ्यात आवडता. तक्त्यात ती नसते, फक्त अज्ञात नमुना म्हणून येते. आयोडीन टाकलं की निळीकाळी, म्हणजे स्टार्च आहे. व्हिनेगर टाकलं की फसफसते, म्हणजे सोडा आहे. इथपर्यंत हुशार गट म्हणतात की दोन पावडरी मिसळल्यात, आणि ते चूक नाहीच. मग कुणीतरी नुसतं पाणी टाकतं आणि तरीही ती फसफसते! तक्त्यातली एकही पावडर नुसत्या पाण्यात फसफसत नाही. आता? काही गट पाण्याचा ड्रॉपर व्हिनेगरने खराब झाला असेल म्हणून नवीन ड्रॉपरने परत करतात, या गटांना मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी देऊन टाकतो. मग हळूहळू लक्षात येतं की आत सोड्याबरोबर एखादं कोरडं आम्लही असणार, पाणी मिळेपर्यंत गप्प बसलेलं. मग पोरं स्वतःहून सायट्रिक ॲसिड, सोडा आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून त्यावर पाणी टाकून बघतात. मी सांगितलेलं नसतं. गृहीतक मांडणं आणि तपासणं म्हणतात ते हेच, फक्त पुस्तकात ते व्याख्या म्हणून येतं आणि इथे गरज म्हणून आलं.

आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी नमुन्याशिवाय केलेली कोरी चाचणी. कंट्रोल हा शब्द मुलं पाठ करतात पण का ठेवायचा ते कळत नाही. तर आयोडीनची चाचणी एकदा मुद्दाम साध्या वहीच्या कागदावर करू द्या. मीठ ठेवलं, थेंब टाकला, कडेने निळंकाळं झालं. साखर ठेवली, तीही तशीच. अख्ख्या वर्गात स्टार्चच स्टार्च! मग विचारा, कागदावर काहीच न ठेवता नुसता थेंब टाकून बघितला का कुणी? टाकतात, आणि कोरा कागदच काळा पडतो, कारण बऱ्याच कागदांना बनवताना स्टार्चची खळ दिलेली असते. त्यानंतर त्या वर्गाला 'कोरी चाचणी घ्या रे' असं परत सांगावं लागत नाही. मात्र सगळेच कागद असे नसतात, म्हणून तुमच्याकडचा आधी तपासा. नंतरच्या कामाला प्लास्टिकची पारदर्शक फाइल किंवा टाइल वापरा.

सुरक्षेचं इथेच उरकतो. काहीही चाखायचं नाही, मीठ-साखर असली तरी नाही, हा नियम पहिल्या मिनिटाला. चष्मे असतील तर वापरा, धुण्याचा सोडा डोळ्यात जाता कामा नये. प्लास्टर ऑफ पॅरिस ओलं केलं की घट्ट होताना तापतं, हात किंवा बोट त्यात बुडवून ठेवायचं नाही कधीच, भाजतं, आणि उरलेलं सिंकमध्ये ओतू नका नाहीतर प्लंबरच बोलवावा लागेल. इंटरनेटवर सुपरग्लूच्या वाफेने ठसे उठवायचे व्हिडिओ दिसतात, वर्गात अजिबात नको, ती वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसाला वाईट, ते धूर ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय करायचं काम नाही. आणि खरं रक्त, कुणाचंही, कुठल्याही प्राण्याचं, नाही म्हणजे नाही.

दुसरी ॲक्टिव्हिटी शाईची. धमकीची चिठ्ठी म्हणा, खोटी सही म्हणा, चार काळी पेनं आणि एक कागद. गाळणकागदाच्या पट्टीवर पेन्सिलने रेघ, रेघेवर शाईचा टिपका, आणि पट्टीचं खालचं टोक पाण्यात, पण टिपका पाण्याच्या वर राहायला हवा नाहीतर शाई वर चढायच्या ऐवजी भांड्यातच उतरते. रेघ पेननं का मारायची नाही? मारू द्या एका गटाला, रेघच चालायला लागते, मग समजतं. स्केचपेनचा काळा रंग पाण्यावर सुंदर फुटतो, त्यातून निळा, जांभळा, पिवळा असं काहीतरी निघतं. परमनंट मार्करला पाणी चालत नाही, अल्कोहोल लागतं. काळ्या जेल पेनची शाई बऱ्याचदा पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते, ती जागची हलतच नाही, आणि 'हललं नाही' हाही निकाल आहे हे मुलांना पटवावं लागतं.

रंगाने कापलेलं अंतर भागिले पाण्याने कापलेलं अंतर, हा आरएफ. मुलं हा आकडा काढतात आणि लगेच शेजारच्या गटाच्या आकड्याशी जुळवायला जातात, जुळत नाही, भांडण. बरंय, भांडू द्या. कागद वेगळा, भांडं वेगळं, पट्टी तिरकी, किती वेळ ठेवली तो वेळ वेगळा. यातून निघतं की अज्ञात आणि ज्ञात दोन्ही टिपके एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी हवेत, तरच तुलना खरी.

आता महत्त्वाचं. समजा पट्ट्या जुळल्या, मग चिठ्ठी त्याच पेनने लिहिली का? त्या मॉडेलची पेनं कारखान्यातून लाखांनी निघतात, म्हणजे फार तर 'या प्रकारच्या पेनने लिहिलेली असू शकते' एवढंच म्हणता येतं. उलट पट्ट्या जुळल्या नाहीत आणि प्रयोग नीट झालाय, तर ते पेन सरळ बाद. नाही म्हणताना आपण बऱ्यापैकी ठाम असतो, हो म्हणताना जपून बोलावं लागतं. फॉरेन्सिकमध्ये गटाचा पुरावा आणि व्यक्तीचा पुरावा असा फरक करतात तो हाच. मी अहवालात तीनच शब्द चालवून घेतो: 'बाद', 'शक्य' आणि 'सांगता येत नाही'. 'सिद्ध झालं' लिहिलं की एक गुण गेला.

ठशांकडे यायचं तर मुलांना सगळ्यात जास्त हेच हवं असतं. पद्धत सोपी आहे, कागदावर मऊ पेन्सिल गिरवा, त्यावर बोट घासा, मग बोटावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला आणि पांढऱ्या कागदावर लावा, इंकपॅडपेक्षा स्वच्छ ठसा येतो आणि हातही लवकर धुतले जातात. भिंगाने बघा, लूप (वळसा घेऊन परत फिरणाऱ्या रेघा), व्हर्ल (भोवऱ्यासारख्या गोल रेघा) आणि आर्च (कमानीसारख्या रेघा) असे तीन मुख्य प्रकार. मोठ्या लोकसंख्येत साधारण ६० ते ६५ टक्के ठसे लूपचे, ३० ते ३५ टक्के व्हर्लचे आणि ५ टक्क्यांच्या आसपास आर्चचे असतात. वर्गाचा स्तंभालेख काढा आणि या आकड्यांशी ताडून बघा, जुळला नाही तर का, म्हणून नमुन्याच्या आकारावर बोला. काचेवरचा ठसा उठवायचा असेल तर कोको पावडर आणि मऊ ब्रश पुरतो. लहान मुलांचे काचेवरचे ठसे मोठ्यांपेक्षा लवकर विरतात, कारण त्यांच्या त्वचेवरचा तेलकटपणा वेगळा, लवकर उडून जाणारा असतो. म्हणून बोट आधी कपाळाला किंवा नाकाच्या बाजूला घासायला सांगा आणि त्याच तासाला उठवा, उद्यावर ठेवलंत तर काच कोरी.

पण ठशांतला खरा खजिना गणिताचा आहे आणि तो कुणी फारसा काढत नाही. १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं ब्युरो सुरू झालं, तिथे ठशांची वर्गवारी करायची जी पद्धत बसली ती तिथले इंग्रज पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, पण त्यातलं गणित त्यांच्या हाताखालच्या अझीझुल हक यांनी रचलेलं, सोबत हेमचंद्र बोस. कॉम्प्युटर नसताना हजारो कार्डांतून एक कार्ड शोधायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. त्यांनी काय केलं, उजव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते १० नंबर दिले. मग १-२, ३-४ अशा पाच जोड्या. पहिल्या जोडीत व्हर्ल असेल तर त्या बोटाला १६, दुसऱ्या जोडीला ८, मग ४, २, १. व्हर्ल नसेल तर शून्य. सम नंबरच्या बोटांची बेरीज अधिक एक हा अंश, विषम बोटांची बेरीज अधिक एक हा छेद. समजा उजव्या अंगठ्याला (नंबर १) आणि डाव्या अंगठ्याला (नंबर ६) व्हर्ल आहे, बाकी कुठेच नाही, तर अंश ४ अधिक १, छेद १६ अधिक १, म्हणजे ५/१७. अंश १ ते ३२, छेद १ ते ३२, एकूण १०२४ खण. दहा बोटं, प्रत्येकाला हो किंवा नाही, दोनचा दहावा घात. मुलांना बायनरी (फक्त दोन अंकांची मोजणी) शिकवलेली नसते पण ती इथे नकळत वापरतात. प्रत्येकाने स्वतःचा अपूर्णांक काढायचा आणि मग आपल्या खणात अजून कोण आहे ते शोधायचं. १/१ च्या खणात गर्दी होते, कारण लूपच जास्त, आणि मग कुणीतरी विचारतंच की हे खण सारखे भरत नाहीत तर पद्धत कितपत कामाची? उत्तर देऊ नका, त्यांनाच सुधारणा सुचवायला लावा.

एक काळजी मात्र घ्या. ठसे ही मुलांची खासगी बायोमेट्रिक माहिती आहे. कार्डांवर नाव लिहायचं नाही, नंबर लिहा, आणि तास संपला की कार्डं ज्याची त्याला परत किंवा फाडून टाका. ठशांचा तक्ता नावांसकट भिंतीवर लावणं, फोटो ग्रुपवर टाकणं, हे अजिबात करू नका. आणि पालकांना आधी सांगा.

ठशांबरोबर एक खरी केस सांगायची असेल तर ब्रँडन मेफील्डची सांगा, कारण ती पडद्यावरचा फॉरेन्सिकचा सगळा मुलामा उतरवते. मार्च २००४ मध्ये माद्रिदमध्ये रेल्वेत बॉम्बस्फोट झाले, डेटोनेटर असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवरचा एक ठसा एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने अमेरिकेतल्या ओरेगनच्या या वकिलाशी जुळवला, एकापेक्षा जास्त तज्ज्ञांनी हो म्हटलं, त्याला अटक झाली. स्पॅनिश पोलिसांना ते आधीपासून पटत नव्हतं, शेवटी त्यांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं आणि मेफील्ड सुटला, एफबीआयने माफी मागितली. मुलांना धक्का बसतो. मशीन चुकलं का? मशीनने जवळचे उमेदवार काढून दिले होते, जुळवलं माणसांनीच, आणि पहिल्याने हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

याचा प्रयोग वर्गात होतो बरं का. इटिएल ड्रोर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पाच अनुभवी तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी जुळवलेले ठसे परत दिले, पण हे मेफील्डवाले चुकलेले ठसे आहेत असं सांगून, तर पाचपैकी चौघांनी आधीचं मत बदललं. तुम्ही एक अर्धवट, पुसट ठसा घ्या, अर्ध्या गटांना पाकिटात लिहून द्या की संशयिताने गुन्हा कबूल केलाय, उरलेल्या अर्ध्यांना काहीच लिहून देऊ नका, आणि सगळ्यांना विचारा जुळतो का. दोन्हीकडच्या 'जुळतो'ची संख्या फळ्यावर लिहा. कधी फरक येतो, कधी येत नाही, गट थोडे असतात म्हणून, आणि तेही बोलायला चांगलंच. पण त्या तासानंतर मुलं स्वतः मागणी करतात की संशयितांची माहिती आम्हाला आधी नको, पुरावा तपासून झाल्यावर द्या. म्हणून माझ्या केसमध्ये आता संशयितांची पाकिटं शेवटच्या तासालाच उघडतात.

रक्ताच्या थेंबांची ॲक्टिव्हिटी लोकप्रिय आहे, पण मी तिला रंगाच्या थेंबांची ॲक्टिव्हिटी करून टाकली. भिंतीवर कुणी रंग उडवला, कुठून उडवला? वर्गात एखादं मूल असं असू शकतं की ज्याच्या घरी अपघात झालाय, हिंसा झालीये, आपल्याला माहीत नसतं, आणि शास्त्र तर थेंबाचं आहे, रक्ताचं नाही. खूनही नको, त्याच कारणासाठी. हरवलेली ट्रॉफी, बदललेली उत्तरपत्रिका, खोटी चिठ्ठी, एवढं रहस्य पुरेसं असतं. आणि वर्गातलं खरं मूल संशयित म्हणून कधीही नको, गमतीतही नको, नाव महिनाभर चिकटतं. संशयित कागदावरचे.

तर थेंब. पाण्यात ग्लिसरीन आणि खायचा रंग घालून जरा दाट करा. कागद टेबलावर सपाट ठेवला की गोल डाग, कागद तिरका केला की लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आपटण्याच्या कोनाची साइन. रुंदी ८ मिलिमीटर, लांबी १६, तर ०.५, कोन ३० अंश. लांबी मोजताना पुढे आलेली शेपटी धरायची नाही, फक्त लंबवर्तुळाचा भाग, ही चूक दर वर्गात होते. नववीला साइन आली नसेल तर तक्ता द्या, सूत्र सिद्ध करत बसू नका.

गंमत चुकीच्या मोजमापात आहे. समजा लांबी १० मिलिमीटर आणि रुंदी मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला. रुंदी ५ ऐवजी ५.५ आली तर कोन ३० वरून ३३ च्या पुढे थोडासा सरकतो, ठीक आहे. पण रुंदी १० ऐवजी ९.५ आली तर कोन ९० वरून थेट ७२ च्या आसपास येतो! तीच फूटपट्टी, तोच हात, तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक, आणि एकीकडे तीन-साडेतीन अंश, दुसरीकडे अठरा. म्हणजे जवळजवळ गोल दिसणाऱ्या डागावरून कोन सांगणारा माणूस ठामपणे बोलत असेल तर सावध व्हायचं. मुलं आलेख काढतात, वरच्या टोकाला तो कसा खडा चढतो ते बघतात, आणि मोजमापातली अनिश्चितता नावाचा एरवी कंटाळवाणा धडा एका तासात होतो. उंचीवरून डागाचा व्यासही मोजून घ्या, १० सेंटिमीटरपासून एक मीटरपर्यंत, सुरुवातीला भराभर वाढतो मग वाढ मंदावते, सरळ रेघ येणार म्हणून बसलेले गट गोंधळतात.

वरच्या वर्गांसाठी गरम पाण्याचा कप. खोलीत संशयित कप ठेवून गेला, कधी? खोली २५ अंश, कप सापडला तेव्हा ४५, दहा मिनिटांनी ४१. म्हणजे खोलीपेक्षा जास्तीचं तापमान २० वरून १६ वर आलं, दर दहा मिनिटांना ०.८ पट. सुरुवात ८५ ला झाली असं धरलं तर ६० चं २० व्हायला साधारण ४९ मिनिटं. मग खरोखर ८५ पासून कप ठेवून बघायचा, तर बहुतेक वेळा ४९ मिनिटांपेक्षा लवकरच ४५ अंशांवर येतो. कारण उघडा, खूप गरम कप बाष्पीभवनानेही उष्णता घालवतो आणि ते न्यूटनच्या थंड होण्याच्या साध्या नियमात (वरचं 'ठरावीक वेळात ठरावीक पट' हेच) धरलेलं नाही. झाकण लावून परत करा, उत्तर सूत्राच्या जवळ सरकतं. मॉडेल चुकीचं आहे असं म्हणत नाहीत मुलं त्यानंतर, कुठे चालतं आणि कुठे नाही ते सांगतात. पावलावरून उंचीही याच धर्तीवर, पाऊल उंचीच्या साधारण १५ टक्के असतं असं म्हणतात, पण वाढत्या वयात पाय आधी वाढतात आणि उंची नंतर, म्हणून पुस्तकातला आकडा वापरू नका, वर्गाचीच मोजमापं घेऊन आलेख काढा आणि उत्तर 'अमुक ते तमुक' असंच घ्या.

डीएनएबद्दल फार लिहीत नाही. कांद्यातून किंवा केळ्यातून डीएनए काढायचा प्रयोग सुंदर आहे, पांढरे धागे दिसतात, जरूर करा, पण त्याने कुणाचीही ओळख पटत नाही, हे स्पष्ट सांगा. ओळख पटवायचं कागदावर करा, पट्ट्यांचे नमुने जुळवून. आणि गोष्ट सांगायची तर ही सांगा की ॲलेक जेफ्रीज या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९८४ मध्ये शोधलेल्या या पद्धतीने इंग्लंडमधल्या पहिल्या गाजलेल्या खुनाच्या केसमध्ये आधी एका निरपराध तरुणाला सोडवलं, आणि मगच खरा गुन्हेगार १९८८ मध्ये शिक्षेपर्यंत पोचला.

इतिहासातली अजून एक केस मी आवर्जून सांगतो ती जेम्स मार्श या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाची. १८३२ मध्ये एका विषप्रयोगाच्या खटल्यात त्याने आर्सेनिक शोधून दाखवलं, पिवळा साका मिळाला, पण ज्युरीसमोर येईपर्यंत तो खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्श चिडला आणि १८३६ मध्ये त्याने आर्सेनिकची अशी चाचणी आणली की काचेवर धातूसारखा चकाकता थर बसतो, जपून ठेवता येतो, दाखवता येतो. (वर्गात ही करायची नाही हे सांगायला नकोच, विषारी वायू तयार होतो.) मुद्दा असा की आपल्याला दिसलं एवढ्यावर भागत नाही, दुसऱ्याला नंतर दिसायला हवं. इथून मी नोंदींवर येतो. प्रत्येक नमुन्याच्या पाकिटावर कुणी उचलला, कधी, कुठून, पुढे कुणाच्या हातात दिला, सह्या. एका पाकिटावरची एक सही गहाळ असेल तर शेवटच्या तासाला तो पुरावा बाद, कितीही चांगला असला तरी. एकदा बाद केलात की पुढच्या केसला प्रयोगवह्या अशा लिहिल्या जातात की बघत राहावं.

अहवालात पान उभं दुमडायचं, डावीकडे काय दिसलं, उजवीकडे त्यावरून काय वाटतं. 'पावडर सोडा होती' डावीकडे आलं की खोडायचं, डावीकडे फक्त 'बुडबुडे आले, साधारण दहा सेकंद टिकले'. सुरुवातीला सगळ्यांचंच चुकतं.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो शेवटच्या प्रश्नावर, खरं उत्तर सांगायचं की नाही. मी सांगत नाही. माझे सहकारी म्हणतात हा निर्दयपणा आहे, मुलं हिरमुसतात, आणि हिरमुसतात हे खरंच. पण खऱ्या प्रयोगशाळेत कुणीही शेवटी पाकीट उघडून बरोबर उत्तर दाखवत नाही. उत्तर दाखवलं की अठरा गुणांचं सगळं काम मागे पडतं आणि 'आमचं बरोबर आलं' एवढंच उरतं. त्याऐवजी मी शेवटचा तास सुनावणीचा ठेवतो, एक गट पुरावा मांडतो, दुसरा गट उलटतपासणी घेतो: कोरी चाचणी केली होती का, ड्रॉपर एकच होता का, दुसरं कुठलं पेन असंच फुटलं असतं का. लहान वर्गांना, पाचवी-सहावीला, मात्र उत्तर सांगा, तिथे हट्ट नको.

वेळ म्हणाल तर पहिल्यांदा फक्त पावडरींची केस घ्या, तीन तासांची: एक तक्त्याचा, एक अज्ञात नमुन्याचा, एक सुनावणीचा. पाच-सहा प्रकारचे पुरावे एकाच केसमध्ये कोंबायचा मोह होतो, टाळा, नाहीतर मुलं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नुसती पळतात. गट चौघांचा, त्यातल्या एकाकडे फक्त नोंदी, आणि ते काम दर तासाला फिरतं ठेवा नाहीतर अक्षर चांगलं असलेली मुलगी वर्षभर नुसती लिहीतच बसते. आणि एका तुकडीला दिलेली केस दुसऱ्या तुकडीला तशीच देऊ नका, मधल्या सुट्टीत सगळं पोचलेलं असतं. डब्यांवरचे नंबर बदला आणि अज्ञात नमुना दुसरा ठेवा, तेवढं पुरतं.